नमुना क्रमांक एकशे सत्तेचाळीस

एप्रिलचा शेवटचा आठवडा, साठापडताळणी.
प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत पंखा
गरम हवा इकडची तिकडे करतो.
मी नोंदवही वाचते, नवा परिचर बरणी उचलून दाखवतो.
फुरसं. आहे.
कटला मासा. आहे.
दोन तोंडांचं कोकरू. आहे
(इथं आम्ही दोघंही जरा थांबतो).
एकशे सत्तेचाळीस: सॅलॅमँडर, दार्जिलिंग, १९८१.
बरणी आहे. झाकणाला मेण आहे.
कस्तुरेबाईंच्या तिरक्या अक्षरातली चिठ्ठी आहे.
आत पिवळं पाणी, आणि पाण्यात
खिडकीबाहेरचा कडुलिंब, उलटा.

दर एप्रिलला कुणीतरी या ओळीपुढं
'आहे' लिहून सही केली आहे.
शेवटच्या चार सह्या माझ्याच.

दत्तनगरात सिद्राम येमूल भेटले ते नळावर.
पाचव्या दिवसाचं पाणी आलेलं,
बॅरल, घागरी, रंगाचे रिकामे डबे, सगळं रांगेत,
आणि शेजारच्या मागांची खटखट
भिंतीतून थेट दातांत.
बरणीचं नाव काढलं
तर त्यांनी नळी दुसऱ्या घागरीत टाकली,
घाई न करता.

"चिठ्ठी बाई इथंच चिकटवलत्या ओ,
निघायच्या आदल्या दिवशी. सापडणारच म्हणल्या.
रेल्वेत तीन दिवस. मग डोंगर, डोंगरावर डोंगर.
धुकं असं की माझा हात मलाच दिसंना.
पोरांच्या पायाला जळवा. मी आपला चादर गुंडाळून,
सोलापुरात कधी अंगावर घेतलो नाही ती चादर.
चहाच्या मळ्याच्या वर एक डबकं.
चार दिवस त्यात हात घालून बसलो.
गार म्हणजे काय, ते तवा कळलं.
हाडाला आवाज येतो बघा."

मी विचारलं, दिसलं का?

"रात्रपाळीला तुटलेला धागा काय डोळ्यानं सापडतो?
बोटानं सापडतो. तसंच.
गवताच्या मुळाशी काहीतरी हललं आणि
आपोआप तळव्यावर येऊन बसलं.
मातीच्या रंगाचं. पाठीवर दोन्हीकडं गाठींची ओळ,
चादरीला काठ असतो तशी.
पुढच्या पायाला चार बोटं. मोजलो.
मागच्याला पाच.
तिथला पोरगा पानीकुकुर म्हणायचा आणि हसायचा.
कुत्रं होय हे?
आमची आई नीळ्ळ बल्ली म्हणली असती, पाण्याची पाल.
पण पालीला एवढा वेळ कुठं असतो?
हे बघत बसलं.
मराठीत काय म्हणायचं ओ त्याला, मॅडम?"

वीस वर्षं शिकवते आहे.
मी घागरीकडं पाहिलं.
ती भरून वाहत होती, दोघांच्याही लक्षात नव्हतं.

"बाई पलीकडच्या काठाला, गुडघाभर पाण्यात.
खांद्याला पिशवी, पिशवीत बरणी, बरणीला चिठ्ठी.
हाक मारायला तोंड उघडलो मी.
खरंच उघडलो."

मग?

"मग हात खाली केलो."

माग थांबले. वीज गेली असावी.
एवढ्या शांततेत नळाचा आवाज
एकदम मोठा झाला.

बाईंना कधी सांगितलंत?

"परतीच्या गाडीत, दौंड मागं टाकल्यावर,
भाकरी सोडली, चटणी काढली.
बाई माझ्याकडं न बघताच म्हणल्या,
सिद्राम, तुझा हात अजून ओला आहे.
तीन दिवसांनी, ओ!
उन्हात बसलेला मी, खिडकीशी.
पुढं रिटायर होईपर्यंत
त्या बरणीवरची धूळ बाईंनी
मला पुसू दिली नाही. स्वतः पुसायच्या."

नळाची धार बारीक झाली, खोकली, थांबली.
सिद्राम येमूलांनी बॅरलमध्ये कोपरापर्यंत हात घातला,
तळ चाचपला, जरा वेळ तसाच ठेवला.
"नाही," ते म्हणाले. कशाला, ते नाही म्हणाले.

नोंदवही माझ्या पिशवीत होती.
मी विचारलं, यंदा काय लिहू?

हात झटकत ते म्हणाले,
"लिहा काय लिहायचं ते.
पाणी तेवढं बदला. पिवळं पडलं असेल."